सातव्या डबीतलं पदक

१

सासूबाईंच्या कवळीसाठी मी सहा आठवडे आधी रजा टाकली होती. सहा आठवडे! दातांच्या डॉक्टरची वेळ मिळवणं हे काय दिव्य असतं, ते ज्यांच्या घरात बिनदाताचं माणूस आहे त्यांनाच ठाऊक. आणि नेमक्या त्याच सकाळी पावणेदहाला, सासूबाई पर्स काखेत मारून दारात उभ्या असताना, उपसचिवसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, पदक चोरीला गेलं."

"कुणाचं?"

"आपलं. म्हणजे शासनाचं. लोकसेवा पदक हो! उद्या अकरा वाजता समारंभ आहे. बारा मानकरी, बारा डब्या. आत्ता कपाट उघडलं तर सातवी डबी रिकामी."

"मी आज रजेवर आहे."

"रद्द केली," साहेब म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मी खात्याची चौकशी अधिकारी. सव्वीस वर्षं हेच करते आहे. हरवलेल्या फायली, गायब झालेले पंखे, एकदा तर एक अख्खी जीप. लोकांना वाटतं यात फार थरार असतो. कसला थरार! निम्मं आयुष्य 'मला माहीत नाही' हे वाक्य लिहून घेण्यात जातं. सासूबाईंना नवऱ्याच्या गळ्यात घातलं, त्यांनी तोंडात दात नसताना जे काय सुनावलं ते न कळल्याचं दाखवलं, आणि कार्यालयात गेले.

साहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते. कपाट सकाळी साडेनऊलाच का उघडलं, असं विचारल्यावर जरा लाजले.

"वर्तमानपत्रवाले आले होते. पदकांबरोबर माझा एक फोटो हवा होता त्यांना."

"त्यांना की तुम्हाला?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं.

"सातवा क्रमांक एका नर्सचा आहे. गावोगाव लसी टोचते, एकोणतीस वर्षं झाली. पदक टेबलावर नसेल तर नाव यादीतून वगळायचं, असा नियम आहे. आणि हा पुढचा वाचा."

मी वाचलं. पदक 'सेवेत असलेल्या व्यक्तीस अथवा मरणोत्तर' द्यावं.

"ती या महिनाअखेरीला निवृत्त होते," साहेब म्हणाले. "म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही."

"निवृत्त होऊन जिवंत असेल तर अपात्र, आणि मेली असती तर पात्र?"

"नियम मी केलेले नाहीत, मॅडम. पाच वाजेपर्यंत मला अहवाल द्या."

२

सन्मान शाखा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. समोरासमोर दोन टेबलं, मध्ये लोखंडी कपाट, आणि एक खिडकी. त्या खिडकीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय या खोलीतलं काहीच कळत नाही.

डावीकडच्या टेबलावर हेडक्लार्क बसतात. बारीक अंगाचे, काटेकोर, पेन्सिलला टोक करतानासुद्धा खाली कागद घेणारे. उजवीकडे रेकॉर्डबाई. ठसठशीत, मोठ्या आवाजाच्या, आणि कागदाचा कपटासुद्धा फेकायला जीव होत नाही अशा. अकरा वर्षांपूर्वी बाईंना खिडकी उघडी हवी होती आणि हेडक्लार्कना बंद. प्रकरण लेखी तक्रारीपर्यंत गेलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. अकरा वर्षं! पोरं शाळेत जाऊन मिसरूड फुटून बाहेर पडली तेवढ्यात. काम असेल तर चिठ्ठी लिहायची आणि शिपायाच्या हातून तीन पावलांवर धाडायची. वाचलेली चिठ्ठी टेबलावरच्या सळईला टोचायची. शाखेतला कारभार असा चालतो आणि वर कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली हेडक्लार्कच्या खिशात साखळीला, दुसरी बाईंच्या गळ्यात. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी फिरवल्या तरच दार उघडतं. मी कुलपं पाहिली, बिजागऱ्या पाहिल्या, मागची बाजू पाहिली. एक ओरखडा नव्हता.

"म्हणजे दोघांनी मिळून उघडलं," मी साहेबांना म्हणाले.

साहेब हसायलाच लागले. "दोघांनी मिळून? अहो, ते दोघं मिळून लिफ्टमध्येसुद्धा चढत नाहीत! एक जिन्यानं जातो."

"मग पदक काय उडून गेलं?"

मी सातवी डबी हातात घेतली. निळ्या मखमलीची, झाकण नीट लावलेली. आतली कापसाची गादीसुद्धा सारखी केलेली. मला ते खटकलं. चोर डबीसकट पदक खिशात टाकतो. पदक काढून घेऊन, गादी सारखी करून, डबी जागच्या जागी ठेवतो तो कसला चोर?

३

हेडक्लार्कना आधी बोलावलं. समोर बसून त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, मग परत घड्याळ.

"काल कपाट कुणी उघडलं?"

"नियमाप्रमाणे संध्याकाळी मोजणीला. दोघांनी."

"तेव्हा बारा पदकं होती?"

"बारा डब्या होत्या," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस असा अडखळत बोलतो.

"मला वाटतं रेकॉर्डबाईंनी काहीतरी केलं असावं," मी मुद्दाम खडा टाकला.

हेडक्लार्क ताठ झाले. "बाईंनी नाही केलं. तसं लिहून घ्या. बाई तशा नाहीत."

मी पेन खाली ठेवलं. या गृहस्थांच्या तोंडून अकरा वर्षांत त्या बाईंसाठी 'समोरचं टेबल' याशिवाय दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता.

जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, तीनपर्यंत तरी तुम्ही काही लिहिणार नाही ना?"

"का? तीनला काय आहे?"

"सहज," ते म्हणाले आणि निघून गेले.

मग रेकॉर्डबाई. त्यांना म्हटलं, हेडक्लार्कवर माझा संशय आहे. बाई उसळल्याच.

"काहीतरीच काय! तो माणूस शासनाची टाचणीसुद्धा घरी नेणार नाही! तुम्ही कुणाबद्दल बोलताय याचं भान ठेवा जरा."

"तुमचं तर पटत नाही ना त्यांच्याशी?"

"पटत नाही म्हणून काय चोर म्हणायचं?"

मी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षांत एवढं एक शिकले आहे की एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं चौकशीत एकमेकांवर तुटून पडतात. आपलं काम अर्धं तेच करतात. आणि इथे हे दोघं एकमेकांची वकिली करत होते.

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा मी दोन्ही सळया उतरवून चिठ्ठ्या वाचल्या. बाप रे, काय वाङ्मय! 'पंखा तीनवर करू नये.' 'केलेला नाही.' 'केला होता.' प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. परवाच्या अकरा चिठ्ठ्या. कालच्या फक्त चार, आणि शेवटची दुपारी दोन पन्नासची. त्यानंतर एकही नाही. रोज संध्याकाळी मोजणीला जाणारी 'किल्ली आणावी' ही चिठ्ठी, जी अकरा वर्षं एक दिवस चुकली नव्हती, ती काल नव्हतीच.

खाली फाटकावर भेटीची वही मागवली. काल दुपारी तीन पाच. नाव, त्यापुढे धंदा शिंपी, भेट सन्मान शाखा, काम 'तक्रार'. बाहेर गेल्याची वेळ चार वीस.

"हा कोण?" मी रखवालदाराला विचारलं.

"त्या नर्सबाईंचा नवरा," रखवालदार म्हणाला. "आला तेव्हा नुसता पेटला होता, मॅडम. मला तर वाटलं आज कुणाचं तरी डोकं फोडणार."

४

शिंप्याचं दुकान म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली होती. एक शिलाई मशीन, कापायचा पाट, भिंतीला मापं लिहिलेले कागद. पन्नाशी उलटलेला, गळ्यात टेप अडकवलेला माणूस बायकांचा कोट उसवत बसला होता. मी ओळख सांगितल्याबरोबर त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोला. ती जेवायला आली आहे घरी."

"काल तुम्ही कशाची तक्रार केलीत?"

"केली नाही. मिटली."

"कसली होती?"

"मिटली म्हटलं ना!"

अशा माणसांनी माझं आयुष्य खाल्लं आहे. मी आवाज चढवणार तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि नर्सबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, खांद्याला लसींचा थंड डबा. त्यांना मी गिऱ्हाईक वाटले.

"यांना घाई करू नका हं," त्या मला म्हणाल्या. "उद्याच्यासाठी माझा कोट करतायत. बाही तिसऱ्यांदा उसवली. मला म्हणे पदक लावल्यावर खांदा पडायला नको." मग हसल्या. "चार वेळा नाव गेलं आणि चार वेळा परत आलं. मी आशाच सोडली होती. आमची लेक रजा टाकून येते आहे बघायला, दोन गाड्या बदलून. तुमच्या घरी म्हातारं माणूस आहे का? त्यांना हिवाळ्याआधीची लस दिली का?"

"उद्या देते," मी पटकन म्हणाले.

"उद्या नाही, परवा दुपारी दोनला माझं केंद्र आहे. तेव्हा आणा." आणि डबा सावरत त्या गेल्यासुद्धा.

शिंपी दाराकडे बघत राहिला. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर त्यानं मशीनचा खण ओढला आणि तळातून एक जाड पांढरं कार्ड काढून माझ्यासमोर आपटलं.

"वाचा! तुमच्याच लोकांनी पाठवलंय. तिच्या हातात पडलं असतं म्हणजे?"

मी वाचलं. कार्ड शिंप्याच्या नावानं होतं. 'आपल्या दिवंगत पत्नीस जाहीर झालेले लोकसेवा पदक तिच्या वतीने स्वीकारण्यासाठी आपण उपस्थित राहावे.'

५

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

"नाही. आणि कळूही द्यायचं नाही." त्याचा आवाज फाटला. "एकोणतीस वर्षं ती दारोदार जाते, मॅडम. कुत्री अंगावर आली, लोकांनी दगड मारले, एकदा पुरात डबा डोक्यावर घेऊन गेली. तिच्या भागात गेल्या एकोणीस वर्षांत गोवरानं एक मूल गेलेलं नाही. आणि तुम्हाला ती जिवंत आहे की मेली हेसुद्धा ठाऊक नाही! हे तिला कळलं तर ती उद्या यायचीच नाही. मी ओळखतो तिला."

मी कार्ड पर्समध्ये टाकलं.

"काल शाखेत काय झालं?" मी विचारलं.

"मी जाऊन ओरडलो. त्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. ते बारीक गृहस्थ खुर्चीतून उठले ते बसलेच नाहीत. मग दोघंही भांडायला लागले."

"तुमच्याशी?"

"नाही हो. एकमेकांशी! तुम्ही वाचलं नाही, तुम्ही तपासलं नाही, असं चाललं होतं. मग एकानं मला पाणी दिलं, दुसरीनं चहा सांगितला. म्हणाले, घरी जा, उद्या संध्याकाळपर्यंत सगळं नीट होईल, नवं कार्ड हातानं आणून देऊ."

झालं. अकरा वर्षांचं मौन काल तीन वाजून काही मिनिटांनी सुटलं होतं, म्हणून त्यानंतर चिठ्ठी नव्हती. बोलता येत असेल तर चिठ्ठी कोण लिहितो?

उरलेलं मी रिक्षात बसून जुळवलं, आणि जसं जुळत गेलं तशी माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. आमच्याकडे नवी यादी कधीच नव्यानं करत नाहीत. गेल्या वर्षीची घेतात आणि तीत नावं बदलतात. हेडक्लार्क टंकतात, रेकॉर्डबाई तपासतात. तपासायचं ते फक्त बदललेलं. बाकीचं तपासायचं नाही, कारण ते 'गेल्या वर्षी मंजूर' असतं. गेल्या वर्षीचा सातवा मानकरी अग्निशमन दलाचा जवान होता, आगीत गेला होता. मला आठवत होतं, कारण त्याच्या बायकोनं पदक घेतलं तेव्हा मी सभागृहात होते. त्याचं नाव काढून नर्सबाईंचं घातलं. पण शेवटच्या रकान्यातला 'मरणोत्तर' तसाच राहिला. यादीवरून कार्ड गेलं आणि यादीवरूनच पदकाच्या पाठीवर कोरलं गेलं.

मग पदक कुठे असणार? डबी का ठेवली? कारण पदक त्याच डबीत परत यायचं होतं.

शासनाची पदकं कोरणारा कारागीर एकच आहे. शिक्के आणि नावाच्या पाट्या करतो. मी त्याच्या दुकानात शिरले तेव्हा तो भिंग डोळ्याला लावून बसला होता, आणि त्याच्यासमोर फडक्यावर ते पदक पालथं पडलं होतं.

"तीनशिवाय हात लावू नका," मान वर न करता तो म्हणाला. "अक्षरं घासून काढली, वर मुलामा दिलाय. वाळायचाय."

"'मरणोत्तर' कोरताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. गेल्या वर्षीही सातव्यालाच होतं. म्हटलं, यांचा सातवा दरवर्षी मरतो की काय."

"मग बोलला का नाहीत?"

"यादीत जे, तेच कोरायचं," तो म्हणाला. "ताई, तुमचीच माणसं तसं सांगतात."

६

सव्वातीनला मी कार्यालयात परतले. पदक पर्समध्ये, सासूबाईंच्या औषधांच्या पाकिटात. दोघांना खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"साहेबांना सरळ सांगता आलं नाही?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं?" रेकॉर्डबाई म्हणाल्या. "यादीत दुरुस्ती म्हणजे समितीची बैठक. बैठक तीन महिन्यांनी. तोवर ती निवृत्त."

"यादीचं पान मी," हेडक्लार्क म्हणाले, "काल पाच वाजता पुन्हा टंकलं. साहेबांची सही घेतली. पदक आज तीनला परत येणार होतं. कपाट एरवी चारशिवाय उघडत नाही. त्यांना साडेनऊला फोटो काढायची हुक्की येईल हे आम्हाला काय ठाऊक?"

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तपासणी माझी होती."

"टंकलं मी," हेडक्लार्क म्हणाले.

"मी तपासायला हवं होतं."

"मी टंकायलाच नको होतं!"

"पुरे!" मी ओरडले. "अकरा वर्षांचं आजच बोलून संपवणार आहात का?"

आणि खरी पंचाईत तर पुढेच होती. मी कोडं सोडवलं होतं, पण लिहू कशी? चोरी झाली असं लिहिलं की मिळालेली वस्तू मुद्देमाल ठरते. मुद्देमालाला पाकिटात घालून लाख लावायची आणि चौकशी संपेपर्यंत कपाटात ठेवायची. आमच्या चौकशा सरासरी चौदा महिने चालतात. म्हणजे पदक सापडलं नाही तर नर्सबाईंना मिळणार नाही, आणि सापडलं तरी मिळणार नाही. कुठल्या शहाण्यानं हा नियम केला म्हणून शिव्या द्याव्यात, तर नऊ वर्षांपूर्वी तो मसुदा मीच लिहिला होता. चांगला झालाय म्हणून मला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

"जुन्या यादीचं पान कुठे आहे?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"फाडायचं ठरलं होतं," हेडक्लार्क म्हणाले.

"मी कागद फाडत नाही," रेकॉर्डबाई म्हणाल्या आणि त्यांनी खालच्या खणातून ते काढून दिलं.

पाच वाजायला दहा कमी असताना मी साहेबांना कपाटापाशी बोलावलं. दोन किल्ल्या फिरल्या, दार उघडलं.

"मोजा," मी म्हणाले.

साहेबांनी एकेक डबी उघडली. सातवीपाशी त्यांचे डोळे विस्फारले.

"सापडलं! कुणी घेतलं होतं? मला नावं हवीत."

"कुणी नाही. बारा आहेत. सकाळी मोजण्यात चूक झाली असं मी लिहिते आहे."

"मॅडम! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! अकरा होती!"

मी जुन्या यादीचं पान त्यांच्यापुढे धरलं. सातवी ओळ, शेवटचा रकाना, आणि खाली त्यांची लफ्फेदार सही. त्याच्या शेजारी नवं पान धरलं. रकाना रिकामा, आणि खाली तीच सही.

साहेबांनी वाचलं. मला वाटतं त्या यादीतलं त्यांनी पहिल्यांदाच काही वाचलं असावं.

"आधी तुमच्या सहीनं ती बाई मेली," मी म्हणाले, "आणि काल संध्याकाळी तुमच्याच सहीनं जिवंत झाली. दोन्ही वेळा तुम्ही वाचलं नाही. तिचा नवरा कार्ड घेऊन आला होता, ते माझ्याकडे आहे. उद्या पुढच्या रांगेत वर्तमानपत्रवाले असणार. तेव्हा अहवालात काय घालू? सकाळी मोजायला चुकलात, की सही करताना चुकलात? एक काय ते ठरवा, मला घरी जायचंय."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

"उजेड कमी होता सकाळी," ते म्हणाले.

मी तसं लिहिलं. सव्वीस वर्षांतला माझा पहिला खोटा अहवाल. अक्षर जरासुद्धा हललं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

७

दुसऱ्या दिवशी मला मानकऱ्यांच्या मागची खुर्ची मिळाली. नर्सबाई माझ्या पुढेच होत्या, नवा कोट घालून, बाही अगदी झकास बसलेली. शेजारी लेक आणि शिंपी. दोन्ही किल्लीवाले भिंतीला टेकून उभे होते. मी म्हटलं, आता तरी सुखानं बघू.

पहिले सहा झाले. नाव पुकारायचं, टाळ्या, पदक, फोटो, पुढचा. एकेकाला दीड मिनिट. लोक बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते आणि कागदानं वारा घेत होते. मग सूत्रसंचालकानं पान उलटलं.

"क्रमांक सात," तो गंभीर आवाजात म्हणाला. "सभागृहातील सर्वांनी कृपया उभे राहावे."

मरणोत्तर पदकाला सगळं सभागृह उभं राहतं, जिवंत माणसासाठी नाही. कार्यक्रमाचा कागदही गेल्या वर्षीचाच होता! आम्ही यादी पाहिली, कार्ड पाहिलं, पदक पाहिलं, आणि हा कागद कुणी बघितलाच नव्हता. मी भिंतीकडे पाहिलं. हेडक्लार्कनी डोळे मिटले होते आणि रेकॉर्डबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

पण तोवर खुर्च्या सरकल्या. सांगितलं की उभं राहायचं, एवढं आमच्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. सहाशे माणसं उभी राहिली. पहिल्या रांगेतले मंत्री उठले, सचिव उठले, सगळ्यात शेवटी उपसचिवसाहेब उठले.

नर्सबाई पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या आणि सभागृहाकडे वळल्या. सगळे उभे आहेत हे बघून त्या दचकल्या. त्यांनी वळून मागे पाहिलं, कोण मोठं माणूस आलंय ते बघायला. मागे कुणी नव्हतं. सूत्रसंचालक कागद चाळत होता. पुढे काय म्हणायचं ते त्याला सापडत नव्हतं, म्हणून तो गप्पच होता. त्या शांततेत कुणीतरी टाळी वाजवली, मला वाटतं लेकीनं. मग सगळं सभागृह वाजायला लागलं, आणि थांबेचना. आधीच्या सहांसाठी बसून वाजवलेल्या टाळ्यांचा आवाज असा नव्हता. शिंपी टेप नसलेल्या गळ्याशी हात नेत होता आणि उघड रडत होता.

पदक लागलं, फोटो झाला, बाई खाली आल्या. खुर्चीत बसल्या. पण 'बसावे' असं कुणी म्हटलेलंच नव्हतं, त्यामुळे सहाशे माणसं तशीच उभी. बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि गडबडीनं पुन्हा उठल्या. माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"कोण आलंय हो?"

"तुम्ही," मी म्हणाले. "आता बसा बघू. तुम्ही बसल्याशिवाय आम्हाला बसता येत नाही."